किल्ला, मिनार आणि मिरची

हंगेरीला जाणारा आपल्याकडचा माणूस बहुधा बुडापेस्टला उतरतो, डॅन्यूबवरचे पूल पाहतो, रात्री दिव्यांनी उजळलेल्या पार्लमेंटसमोर फोटो काढून घेतो आणि ‘हंगेरी झाली’ असे म्हणून व्हिएन्नाची गाडी पकडतो. चौपाटीवर भेळ खाऊन महाराष्ट्र पाहिला म्हणण्यातलाच हा प्रकार! देशाची खरी ओळख करून घ्यायची तर एखादे जुने, मध्यम वस्तीचे, आपल्याच नादात असणारे गाव गाठावे. आपल्याकडे जसे वाई, सातारा किंवा पैठण, तसे हंगेरीत एगेर.

एगेर बुडापेस्टच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. पूर्व स्थानकावरून सकाळी आगगाडीत बसले की दोन तासांच्या आसपास माणूस तिथे पोहोचतो. वाटेत सूर्यफुलांची आणि मक्याची कापणी झालेली सपाट शेते लागतात, आणि मग एकाएकी डाव्या हाताला डोंगर दिसू लागतात. डोंगर हा शब्द आपण मराठी माणसांनी इथे जरा जपून वापरावा. या मात्रा डोंगररांगेतले केकेश हे हंगेरीतले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,०१४ मीटर. म्हणजे आपला सिंहगडदेखील त्याच्यापेक्षा उंच, मग कळसूबाईची गोष्टच सोडा. पण सपाटीवर राहणाऱ्याला टेकडीचे केवढे अप्रूप असते, हे हंगेरियन माणसाच्या तोंडून ‘मात्रा’ हा शब्द ऐकल्यावर कळते.

आमच्याबरोबर आमचा भाचा होता. नोकरीनिमित्त तो तीन वर्षे बुडापेस्टला आहे आणि कामापुरती हंगेरियन भाषा बोलतो. ही भाषा म्हणजे युरोपच्या मध्यावरचे एक बेटच आहे. शेजारच्या जर्मन किंवा स्लाव भाषांशी तिचे नाते नाही. तिची नातलग म्हणजे दूरची फिनिश आणि एस्टोनियन. तरी मराठी माणसाला तिच्यात एक ओळखीची खूण सापडते. ही भाषा आपल्यासारखीच शब्दाच्या शेवटी प्रत्यय चिकटवते. आपण ‘घरात’, ‘घरातून’ म्हणतो, तसे ते ‘एगेरबेन’, ‘एगेरब्योल’ म्हणतात. शिवाय गावावरून विशेषण करायचे तर आपण पुण्याचे पुणेरी आणि कोल्हापूरचे कोल्हापुरी करतो, तसेच ते एगेरचे ‘एग्री’ करतात. माणसाचे आडनाव मात्र ते आधी लावतात.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. हवेत गारवा होता, पण ऊन पडले होते. स्टेशनापासून गावात चालत जायला वीस मिनिटे लागतात. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. घरे पिवळ्या, गुलाबी, फिकट हिरव्या रंगांची, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या, आणि मधून वाहणारा ओढ्याएवढा प्रवाह. त्याचेही नाव एगेर. गावाच्या चौकात आलो की समोर दोन मनोऱ्यांचे गुलाबीसर चर्च, त्याच्यापुढे तलवार उगारलेला एक पुतळा, आणि मागे वर पाहिले की किल्ला.

हा पुतळा दोबो इश्तवानचा. चौकालाही नाव त्याचेच. त्याची कथा कळल्यावाचून एगेर कळत नाही.

१५५२ साली तुर्कांची फौज हंगेरीत एकामागून एक ठाणी घेत निघाली. तेमेश्वार पडले, सोल्नोक पडले. सप्टेंबरात फौज एगेरच्या पायथ्याशी आली. तिची संख्या आजचे इतिहासकार पस्तीस-चाळीस हजार धरतात. किल्ल्यात माणसे होती दोन हजारांच्या घरात, आणि त्यांत बायका-मुले आणि आसऱ्याला आलेले शेतकरीही होते. किल्लेदार दोबोने सर्वांना शपथ घातली की शरणागतीचा शब्द जो काढील त्याला देहान्त शासन. ‘किल्ला स्वाधीन करा’ असे पत्र आले तेव्हा त्याने तटावर एक शवपेटी मांडून ठेवली. हेच त्याचे उत्तर! ३९ दिवस वेढा चालला. ऑक्टोबरच्या मध्याला शेवटचा हल्ला परतवला गेला आणि फौज निघून गेली.

किल्ला चढायला पाच-दहा मिनिटे पुरतात. राजगड-तोरण्याच्या पाऊलवाटांवर घाम गाळलेल्या माणसाला वाटते, हा कसला किल्ला? ही तर पर्वती! पण तटावर उभे राहून भोवती नजर टाकली की मनात धस्स होते. निसर्गाने या किल्ल्याला काहीच दिलेले नाही. कडा नाही, दरी नाही. पूर्वेच्या अंगाला तर शेजारची उंच जमीन तटाला जवळजवळ भिडलेलीच आहे. सह्याद्रीने आपल्या गडांसाठी जे काम केले, ते इथे माणसांना अंगावर घ्यावे लागले.

किल्ल्याच्या पोटात लांबच लांब भुयारी गल्ल्या आहेत. वाटाड्याबरोबर आत जाता येते. शत्रू खालून सुरुंग खणतो आहे का, हे ओळखण्यासाठी इथे नगाऱ्यांवर वाटाणे टाकून ठेवत आणि वाडग्यांत पाणी भरून ठेवत, असे सांगतात. कुदळीचा घाव बसला की वाटाणे थरथरायचे. तो अंधार आणि ती ओल अनुभवताना, रात्रभर त्या वाटाण्यांकडे डोळे लावून बसलेला कोणी पोरगेलासा शिपाई डोळ्यांसमोर आला.

दारूगोळ्यात निष्णात असलेला बोर्नेमिस्सा गेर्गेय नावाचा सरदारही या वेढ्यात होता. त्याने गिरणीचे मोठे लाकडी चाक दारू आणि भरलेल्या नळ्यांनी ठासून पेटवले आणि शत्रूवर सोडले. ते चाक गडगडत जाता जाता चहूबाजूंनी आग ओकत होते. गंमत अशी की ‘बोर्नेमिस्सा’ या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘दारू न पिणारा’. आणि हे गाव तर द्राक्षाच्या मद्यासाठी साऱ्या युरोपात नावाजलेले!

पण सौ.चे पाय थबकले ते एका चित्राच्या प्रतीपाशी. सेकेय बर्तालान या चित्रकाराने १८६७ मध्ये रंगवलेले ‘एगेरच्या स्त्रिया’ हे ते चित्र. तटाच्या खिंडारात हातात तलवार घेतलेली बाई उभी आहे. वेढ्यात बायकांनी तटावरून उकळते पाणी आणि डांबर ओतले, दगड लोटले, आणि नवरा पडला तर त्याची तलवार उचलली, ही हकीकत हंगेरीत शाळकरी पोरालाही पाठ असते.

ही हकीकत पाठ झाली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. वेढा उठल्यावर वर्षभरात तिनोदी शेबेश्चेन नावाचा एक भटका कवी इथे आला, लढलेल्या माणसांना भेटला आणि त्याने वेढ्यावर गीते रचून गावोगावी तंतुवाद्यावर गायली. आपल्या भाषेत सांगायचे तर शाहीरच की हा! सिंहगड १६७० मध्ये तानाजीने घेतला आणि पोवाड्याने तो घरोघर नेला, तसेच हे. पुढे गार्दोनी गेझा हा लेखक १८९७ मध्ये एगेरला येऊन राहिला, आणि त्याने या वेढ्यावर ‘एगेरचे तारे’ ही कादंबरी लिहिली. १९०१ साली ती पुस्तकरूपाने आली. २००५ मध्ये हंगेरियन वाचकांनी आपली सर्वांत आवडती कादंबरी मत देऊन निवडली, तेव्हा पहिला मान हिलाच मिळाला. गार्दोनीची समाधी याच किल्ल्यात आहे. दगडावर तीनच शब्द आहेत. ‘फक्त त्याचा देह’ एवढाच त्यांचा अर्थ.

इथवर सारे छान झाले. पण इतिहास इथे थांबत नाही, आणि एगेरचे मोठेपण असे की तेही तो थांबवत नाहीत.

वेढ्याच्या काळात राजाने मदत पाठवली नाही, म्हणून विजयानंतर दोबोने किल्लेदारी सोडली. पुढे राजद्रोहाच्या आरोपावरून त्याच दोबोला कैदेत टाकले गेले, आणि सुटका झाल्यावर थोड्याच काळात, १५७२ मध्ये, तो वारला. बोर्नेमिस्सा त्याच्यामागून किल्लेदार झाला. तो तुर्कांच्या हाती सापडला आणि कॉन्स्टँटिनोपलला फासावर गेला. आणि १५९६ मध्ये सुलतान स्वतः फौज घेऊन आला, तेव्हा किल्ल्यातल्या बहुतेक परक्या, भाडोत्री शिपायांनी एगेर स्वाधीन केले. त्यानंतर ९१ वर्षे, १६८७ पर्यंत, इथे तुर्की अंमल होता.

दोबोच्या समाधीच्या तांबड्या संगमरवरी शिळेपाशी उभे असताना भाच्याने विचारले, “मामा, शेवटी किल्ला पडलाच ना? मग त्या ३९ दिवसांचे एवढे कौतुक कशाला? चव्वेचाळीस वर्षांनी निकाल तोच लागला.”

प्रश्न तरण्या माणसाचा होता, आणि खोटाही नव्हता. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर सौ. म्हणाली, “अरे, चव्वेचाळीस वर्षे म्हणजे थोडी का? त्या वेळी मांडीवर असलेल्या पोरांची लग्ने झाली असतील, त्यांना पोरे झाली असतील. एवढे आयुष्य कुणीतरी आपल्यासाठी राखून ठेवले, हे त्यांनी विसरायचे होय?”

भाचा काही बोलला नाही. मीही नाही. इतिहासाच्या पुस्तकांत हार-जीत सनावळीने मोजतात. बायका ती पाळण्यांनी मोजतात, आणि तो हिशेब अधिक खरा असावा असे मला तरी वाटले.

किल्ला उतरून दोन-तीन गल्ल्या ओलांडल्या की घरांच्या मधोमध एक मिनार उभा दिसतो. एकटाच. शेजारी मशीद नाही. तुर्की अमदानीतला हा चौदा कोनांचा दगडी मिनार सुमारे ४० मीटर उंच आहे. तुर्क गेल्यावर मशिदीचे चर्च झाले, आणि १८४१ मध्ये ती इमारत पाडली गेली. मिनारही चारशे बैल जुंपून ओढायचा प्रयत्न झाला, पण तो हलला नाही, अशी दंतकथा आहे. बैलांचे खरे-खोटे असो. मिनार राहिला आणि नंतर गावाने तो जपला. आज एगेरच्या चित्रपत्रांवर किल्ल्याइतकाच मिनार असतो.

आत ९७ पायऱ्यांचा गोल जिना आहे, इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने मागे फिरावे. सौ. खाली बाकावर बसली. आम्ही मामा-भाचे वर गेलो. सज्जावरून सारे गाव दिसते, आणि समोर किल्ला. ज्यांनी तो अखेर घेतला, त्यांच्या मिनारावरून तो पाहायचा! ज्या गावाने ३९ दिवस रक्त सांडले, त्याच गावाने शत्रूची ही खूण चुन्या-गारीने डागडुजी करून ठेवली आहे. तुर्कांनी बांधलेले स्नानगृहही तसेच ठेवले असून त्याच्या घुमटाखालच्या ऊन पाण्यात आजही लोक अंग शेकतात. दोन्ही गोष्टी घडल्या, तर दोन्ही गोष्टी दिसू द्याव्यात, असा एगेरचा रोखठोक न्याय आहे.

एव्हाना एक वाजला होता, आणि जिन्याने पोटातले सारे जिरवले होते.

हंगेरियन जेवण म्हणजे गुयाश, हे आपण ऐकलेले असते. बाहेरच्या जगात या नावाखाली घट्ट रस्सा मिळतो. इथे तो सूप असतो. गुयाश म्हणजे गुराखी. गुराख्यांनी माळावर टांगलेल्या कढईत शिजवायचा हा पदार्थ. तो गोमांसाचा असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. शिवाय इथली फोडणी पुष्कळदा डुकराच्या चरबीत असते, तेव्हा शाकाहारी माणसाने विचारून मागवावे. पण उपाशी मात्र कोणी राहत नाही. मी अळिंबीचा पाप्रिकाश घेतला. पिठाच्या लहान उकडलेल्या गोळ्यांवर तांबूस, साईसारखा रस्सा. त्याची कृती ऐकली आणि मी चकित झालो. चरबीत कांदा परतायचा, भांडे आचेवरून खाली उतरवायचे, मग त्यात लाल पूड घालायची आणि लगेच पाणी ओतायचे. आचेवर घातली तर पूड जळते आणि कडवट होते. आपल्या घरी फोडणीत तिखट घालताना आजीने हेच तर सांगितलेले असते!

ही लाल पूड म्हणजे पाप्रिका. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली, आणि त्याच शतकात तुर्की मुलखातून हंगेरीत पोहोचली. तिथे तिला आधी ‘तुर्की मिरी’ म्हणत. आज पाप्रिकेवाचून हंगेरीचे स्वयंपाकघर चालत नाही, आणि मिरचीवाचून आपले. दोघांनाही ती आपल्या पणजीच्या पणजीपासूनची वाटते, आणि दोघांच्याही घरी ती पाहुणीच आली. सेगेदच्या सेंट-ग्यॉर्गी अल्बर्ट या शास्त्रज्ञाने तर याच पाप्रिकेतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सौ.ने ‘फ्योझेलेक’ मागवले होते. भाजी शिजवून, पीठ लावून दाट केलेला हा घरगुती पदार्थ. तिच्या पुढ्यात आली ती भोपळ्याची भाजी, आंबट सायीतली. पहिला घास घेताच ती ओरडली, “अहो, ही तर शेपू!” खरेच शेपू होती. इथे तिला कापोर म्हणतात. आपल्याकडे शेपू म्हटले की निम्मे घर ताटावरून उठते. इथे ती मानाने भोपळ्यात पडते. टेबलावर मिरचीच्या लाल ठेच्याची बाटलीही होती. नाव ‘एरोश पिश्ता’, म्हणजे सणसणीत पिश्ता. पिश्ता हे इश्तवानचे लाडके नाव. भाचा म्हणाला, “म्हणजे मामी, हा दोबोचाच ठेचा!” मामीने चमच्याच्या टोकाने चाखला आणि निकाल दिला, “रंग आहे, मीठ आहे. झणका जरा कमीच.”

दुपारी लायसियम पाहिले. एस्तेरहाझी नावाच्या बिशपने अठराव्या शतकात इथे विद्यापीठ काढायचे ठरवले, भव्य इमारत उठवली, आणि व्हिएन्नाच्या दरबाराने परवानगी नाकारली. इमारत मात्र राहिली. तिच्या ग्रंथालयाच्या छतावर १७७८ मधले एक विलक्षण चित्र आहे. त्याच्या एका कोपऱ्यात पाखंडी पुस्तकांवर वीज कोसळताना दाखवली आहे. ग्रंथालयात ग्रंथदहनाचे चित्र! वरच्या मनोऱ्यात अंधारी खोली आहे. छतातल्या आरशा-भिंगातून खालच्या पांढऱ्या टेबलावर साऱ्या गावाची प्रतिमा उतरते, आणि ती जिवंत असते. झाडे हलतात, मोटारी सरकतात, मुंगीएवढी माणसे रस्ता ओलांडतात. कागदाचा तुकडा धरला की चालता माणूस कागदावर चढतो. सिनेमाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एगेरच्या लोकांनी हा खेळ पाहिला आहे. आज त्या इमारतीत त्याच बिशपच्या नावाचे विद्यापीठ चालते. नकार देणारा दरबार केव्हाच संपला.

चारच्या सुमाराला मिठाईच्या दुकानात शिरलो. हंगेरियन माणूस संध्याकाळी इथे बसून केक खातो, कॉफी पितो आणि तासभर बोलतो. दोबोश योझेफ या हलवायाने १८८५ च्या बुडापेस्ट प्रदर्शनात मांडलेला थरांचा केक इथे मिळतो. पातळ पोळ्या, मध्ये चॉकलेट-लोणी आणि वर साखरेच्या पाकाची कडक, तांबूस काच. पण आमचे लक्ष गेले खसखशीच्या गुंडाळीकडे. इथली खसखस निळसर काळी असते आणि ती चिमूटभर न घेता वाटीवाटीने घेतात. कुटून, साखर घालून तिचे सारण करतात. नाताळात घरोघर अशी गुंडाळी होतेच. आपल्या अनारशाला जशी खसखस, तशी त्यांच्या सणालाही खसखस! सौ. लगेच अर्धा किलो बांधून घ्यायला निघाली. भाच्याने अडवले, “मामी, परतताना दुबईला विमान बदलायचे आहे. तिथे खसखस न्यायला सक्त बंदी आहे.” वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. खसखशीऐवजी पाप्रिकेच्या दोन पिशव्या घेतल्या.

शेवटी गावाबाहेरची ‘सुंदर स्त्रीची दरी’. नावाने फसू नये. इथे मऊ ज्वालामुखी दगडात खोदलेली मद्याची तळघरे ओळीने आहेत. बारा महिने आत सारखाच गारवा. इथले तांबडे मद्य ‘बिकावेर’, म्हणजे बैलाचे रक्त. कथा अशी की वेढ्यात शिपाई तांबडे मद्य प्याले, त्यांच्या दाढ्या लाल झाल्या, आणि शत्रूला वाटले हे बैलाचे रक्त पिऊन लढतात. कथा गोड आहे, पण त्या काळी इथे पांढरे मद्यच अधिक होई. तांबड्या द्राक्षांची लागवड तुर्कांपुढे पळून आलेल्या दक्षिणेकडच्या सर्ब लोकांनी आणली, आणि बिकावेर हे नाव एकोणिसाव्या शतकातच दिसू लागते. तळघरवाल्याला हे ठाऊक होते. तरीही प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाढीची कथा रंगवून सांगत होता, आणि सांगून झाल्यावर डोळे मिचकावत होता. सौ.साठी त्याने न विचारता द्राक्षाचा ताजा रस आणला. पैसे घेईना. हंगामात पहिली रसाची वाटी पाहुण्याची, एवढेच म्हणाला.

एगेरला जायचे तर एक अख्खा दिवस काढून जावे. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, द्राक्षांची तोडणी चालू असते आणि टेकड्या तांबूस होतात. किल्ला सकाळी पाहावा, मिनार जेवणाआधी चढावा, आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ आधीच लिहून घ्यावी, कारण दरीतून कोणाचे पाऊल लवकर निघत नाही.

त्या पाप्रिकेची यंदा आमच्या घरी परीक्षा झाली. दिवाळीच्या चकलीत सौ.ने निम्मे आपले तिखट आणि निम्मी पाप्रिका घातली. चकल्या अशा लालबुंद उतरल्या की शेजारच्या वहिनींनी विचारले, “तिखट कुठले हो वापरलेत?” सौ. म्हणाली, “एग्री.” वहिनींना वाटले, हे मिरचीचेच एखादे नवे वाण असावे, त्यांनी नाव लिहूनही घेतले.